ताईची पायरी

ताई गाव सोडून लेकाकडे राहायला चालली होती, आणि किल्लीबाईच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: जाण्याआधी हिला एकदा, निदान एकदा, हॉलमध्ये आणायचं. जास्त काही नाही. यावं, टेकावं, कपभर चहा घ्यावा, जावं. सख्खी मोठी बहीण, घर हॉलच्या बरोबर समोर, मधे एवढासा रस्ता. यात अवघड ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही ताईला ओळखत नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

किल्लीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला, म्हणून किल्लीबाई. कुणाला वाढदिवसासाठी हॉल हवा, कुणाला सभेसाठी, कुणाला बॅडमिंटनसाठी, सगळ्यांनी आधी हिच्या दारात यायचं. खुर्च्या मांडून घेणं, पंखे बंद झालेत का बघणं, भिंतीला खिळा ठोकणाऱ्याच्या अंगावर धावून जाणं, हे सगळं तिच्याकडे. गाव तिला वचकून असायचं. ताई मात्र तिला अजूनही 'बारके' म्हणून हाक मारायची, आणि बारकीची साठी केव्हाच उलटून गेली होती.

आता हा हॉल म्हणजे पूर्वीचं चर्च. गावात काचेचा कारखाना होता तेव्हाची गोष्ट. कंदिलाच्या काचा, तावदानं, बरण्या, औषधाच्या बाटल्या असला माल तिथे व्हायचा. कामगारांनी पाळी संपल्यावर राबून राबून हे चर्च उभं केलं. दगड जवळचाच, लाकूड मागून आणलेलं, आणि खिडक्यांच्या काचा म्हणजे कारखान्याचा बाद माल. एकेका तावदानात बुडबुडे अडकलेले. ऊन आलं की भुईवर त्या बुडबुड्यांचे ठिपके पडायचे, आणि प्रवचन लांबलं की लहान पोरं पायाच्या अंगठ्याने ते ठिपके दाबायची. दोघी बहिणींचा बाप भट्टीवर होता. खिडकी दाखवून तो सांगायचा, "हा बुडबुडा माझा. मला शिंक आली होती." खरं-खोटं देव जाणे.

तिथली पायपेटी ताई वाजवायची. अगदी लहानपणापासून. पाय पुरायचे नाहीत तेव्हा बाप खाली बसून दोन्ही हातांनी भाता दाबायचा आणि ही वर सूर धरायची. पुढे पाय पुरले, लग्न झालं, लेक झाला, नवरा गेला, पण रविवारची पेटी ताईने चुकवली नाही. आणि त्या चर्चचा एक शिरस्ता होता. पेटीचा पहिला सूर निघाला की सगळ्यांनी उभं राहायचं. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. सूर आला की उभं. पाववाला तर प्रवचनात बिनधास्त घोरायचा, पण पेटी वाजली रे वाजली की झोपेतच उठून उभा. डोळे नंतर उघडायचा.

मग कारखाना बंद पडला. माणसं पोटामागे गेली. बाकं रिकामी होत होत शेवटी अशी वेळ आली की पाळकसाहेब सगळ्यांना एकाच बाकावर बसवून घेऊ का म्हणून विचारायला लागले. छप्पर गळायचं. पावसाळ्यात ताई पेटी वाजवायची आणि बारकी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहायची. "देवाला दिसतंय सगळं," ताई म्हणायची. "दिसतंय तर कौल का नाही पाठवत?" बारकी म्हणायची. मग दोघी हसायच्या. तोवर हसायच्या.

होता होता वरच्या मंडळाने सांगून टाकलं, आता हे चर्च चालवणं आमच्याच्याने होणार नाही. गावाला सभागृह म्हणून हवं असेल तर घ्या, नाहीतर एका व्यापाऱ्याला खताच्या गोदामासाठी हवंय. निर्णय लोकांनी करायचा. झालं, गावात दोन तट पडले, आणि त्यातले दोन मुख्य गडी एकाच घरातले.

"देवाचं घर आहे, देवाचंच राहू दे," ताई म्हणाली. "पडलं तर पडलं."

"आणि पडल्यावर आपण कुठं जमायचं? तुझ्या स्वयंपाकघरात?" बारकी म्हणाली.

"जमू स्वयंपाकघरात. पण तिथे टाळ्या-शिट्ट्या नकोत."

सभा चर्चमध्येच भरली. अध्यक्ष म्हणून दाताचे डॉक्टर. भला माणूस, पण नियमाचा किडा. आणि ते या चर्चचे नव्हेत. निष्पक्ष माणूस पाहिजे म्हणून बाहेरून आणलेले. खूप बाचाबाची झाली. शेवटी डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "ज्यांना सभागृहाचा ठराव मान्य असेल त्यांनी कृपया उभं राहावं."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कोण आधी उठणार? उठली ती बारकी. एकटी. पदर खोचून ताठ उभी राहिली. पेटीच्या स्टुलावर बसलेली ताई वळून बघत होती. तिने बहिणीला उभी राहिलेली बघितलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणते कशी मनाशी, मोडतेच ही सभा. गाणं म्हणू, आशीर्वाद घेऊ आणि घरी जाऊ, कसला ठराव अन् कसलं काय. वळली आणि दोन्ही हात पेटीवर टाकले.

पहिला सूर निघाला, आणि सगळं चर्च उभं राहिलं.

अहो, सगळं! ठरावाच्या बाजूचे, विरोधातले, झोपलेला पाववाला, ज्याने आत्ताच 'माझ्या प्रेतावरून जा' म्हणून टेबल बडवलं होतं तो निवृत्त पोस्टमनसुद्धा. पाय आपोआप सरळ झाले. आणि एकदा गाणं सुरू झालं की मधे थांबवायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी शांतपणे डोकी मोजली, एकमताने मंजूर म्हणून जाहीर करायची तयारी केली आणि आमेन झाल्या झाल्या जाहीर केलंही.

"अहो, आम्ही गाण्याला उभे राहिलो!" पोस्टमन ओरडला.

"उभे राहिलात ना? झालं तर मग," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा मत घ्या म्हणून कुणी फार जोर धरला नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना सुटल्यासारखंच झालं होतं. गळकं छप्पर तरी कोण किती दिवस डोक्यावर घेणार? शिव्या आपल्याला बसणार नाहीत आणि काम तर झालं, मग कशाला उकरून काढा. सगळे तोंडात मूग गिळून घरी गेले. आणि गाव पडलं गाव! दुसऱ्या दिवसापासून बाजारात सुरू झालं: "ताईने वाजवलं आणि चर्च गेलं." हसून म्हणायचे लोक. वाईट मनात नव्हतं कुणाच्या. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

ताईने पेटी घरी नेली आणि त्या दारातून पुन्हा आत पाऊल टाकलं नाही.

म्हणजे बहिणींचं बोलणं तुटलं असं मुळीच नाही. अबोला धरायला तोंड बंद ठेवावं लागतं, ते दोघींनाही जमणारं नव्हतं. ताई रोज दुपारी डबा घेऊन रस्ता ओलांडायची. हॉलच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहायची आणि हाक मारायची, "बारके! गरम आहे तोवर खा." बारकी बाहेर यायची. दोघी तिथेच तासभर बोलत बसायच्या. खिडकीतून ताईला सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं, आणि सगळ्यावर तिचं मत असायचं. काल माइक शिट्टी का मारत होता? त्या कवायतवाल्या बायका एवढ्या ओरडतात का? पण आत चल म्हटलं की पाय अडायचे. पायरीच्या वर नाही. गावात त्या पायरीला नावच पडलं, ताईची पायरी. हॉलचा रंग काढताना रंगारीसुद्धा विचारून गेला, "ताईंच्या पायरीला कोणता लावू?"

सगळं ठीक होतं, एक दिवस सोडला तर. किल्लीबाईचा नवरा गेला तेव्हा शोकसभा हॉलमध्येच झाली. तिथली सगळी वायरिंग त्याच्या हातची. दुसरीकडे कुठे करणार? गाव लोटलं होतं. किल्लीबाई पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ताई येऊन पायरीवर उभी राहिली. लोक बोलत होते, रडत होते, आणि ताई बाहेर रणरणत्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभी. शेवटपर्यंत. आत आली नाही. घरी गेल्यावर तिने बहिणीला कुशीत घेतलं, महिनाभर तिच्याकडे राहिली, हाताने भरवलं, सगळं केलं. पण ती खुर्ची रिकामी राहिली ती राहिलीच. किल्लीबाईने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं आपल्यासारख्याला वाटतं, पण बहिणींच्या मधे आपण कोण?

आणि आता ताईचे गुडघे गेले. लेक म्हणाला, आई, आता एकटी नको. घर विकलं. किल्लीबाईने निरोपसमारंभाचा घाट घातला. हॉल सजवू, सगळ्यांना बोलवू. ताई म्हणाली, "निरोप पायरीवर द्या." भाच्याला, म्हणजे ताईच्या लेकालाच, मधे घातलं. भाचा म्हणाला, "मावशी, तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी लग्नाचं जेवणसुद्धा बाहेर मैदानात दिलं होतं, आठवतंय ना?" मग किल्लीबाईने शेवटचा डाव टाकला. "ताई, पेटी हॉलला दे. तूच आणून ठेव."

"पेटी माझ्याबरोबर येणार," ताई म्हणाली. विषय संपला.

जायच्या दिवशी सकाळीच सामानाचा ट्रक गेला, पेटीसकट. घर रिकामं झालं, टाकीचं पाणी सोडलं, किल्ल्या नव्या मालकाच्या हातात दिल्या. ताई गाडीत बसायची तेवढी बाकी होती. भाचा मागच्या डिकीत पिशव्या कोंबत होता. किल्लीबाई बाजूला उभी होती. हॉलमध्ये त्या दिवशी डोळे तपासणीचं शिबिर होतं, पण ते तिने शहरातून आलेल्या नर्सवर सोपवलं होतं. चिडचिड होत होती. जाऊ दे, म्हणत होती मनाशी. नाही तर नाही.

एवढ्यात ताई गाडीच्या दारातून मागे फिरली आणि लेकाला म्हणाली, "अरे, मला जायचंय."

"निघालोच की."

"तिकडे नव्हे रे गाढवा. जायचंय."

सकाळी सवयीने अंगातलं पाणी काढायची गोळी घेतली होती. तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रवासाच्या दिवशी घेऊ नका म्हणून. वर निरोपाचे तीन घरचे चहा. भाच्याने स्वतःच्या जुन्या घराकडे बघितलं. तिथे नवा मालक कुलूप लावून केव्हाच गेलेला. शेजारचं दुकान बंद. मावशीचं घर चढावर, आणि ताईचे गुडघे असे.

"पुढे पेट्रोल पंपावर थांबवतो ना," भाचा म्हणाला.

"पुढे कुठे? किती पुढे?"

"असेल अर्धा तास."

 ताईने रस्त्यापलीकडे बघितलं. किल्लीबाईनेही बघितलं, आणि हसू येऊ नये म्हणून ओठ दातांत धरले. हसली असती तर ताई तशीच गाडीत बसून गेली असती, मग पुढे काहीही होवो.

"बारके," ताई म्हणाली, "तुमच्या त्या... तिथे आहे ना?"

"आहे. पूर्वीच्या पाळकसाहेबांच्या खोलीत. स्वच्छ आहे, सकाळीच धुतलंय."

"काय तरी बाई एकेक," ताई म्हणाली आणि रस्ता ओलांडू लागली.

पायरीशी ती थांबलीसुद्धा नाही. तिला थांबणं शक्यच नव्हतं. बहिणीच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी चढली, दारातून आत शिरली आणि मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने, जमेल तेवढ्या वेगात, पार पुढे त्या खोलीच्या दारापर्यंत गेली. वाटेत काय दिसलं, काय नाही, तिला कळलं नसावं. दार लागलं. किल्लीबाई बाहेर उभी राहिली.  वाटत होतं, आता बाहेर येईल, पदर सावरेल आणि तशीच भिंतीला धरून निघून जाईल. आणि मग हे आत येणं म्हणायचं की नाही?

दार उघडलं. ताई बाहेर आली, हात पुसत, आणि जागच्या जागी थबकली.

ते दार उघडतं अगदी पुढे, पूर्वी जिथे वेदी होती तिच्या शेजारी. समोर सगळा हॉल. रांगांनी खुर्च्या मांडलेल्या, एकही रिकामी नाही. पाववाला डावीकडे दुसऱ्या रांगेत, त्याच्या बापाचं बाक होतं तिथेच. पोस्टमन मागे. कवायतवाल्या बायका. कुणाकुणाची नातवंडं. शंभरेक माणसं असतील, आणि सगळी डोळे मिटून, माना खाली घालून, गप्प बसलेली. तावदानांतून ऊन आत आलेलं.

 ताई हळूच म्हणाली, "प्रार्थना चाललीय?"

"नाही ग. डोळ्यांत थेंब घातलेत. अर्धा तास उघडायचे नाहीत."

ताईने तोंडावर हात घेतला. आधी वाटलं हसतेय. हसतच होती. पोट धरून, आवाज न करता, लहानपणी प्रवचनात हसायची तशी. मग हसता हसता तिचे डोळे भरले. किल्लीबाईने कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिला बसवलं आणि स्वतः दुसरी घेतली.

"मी यांची तोंडं कधी बघितलीच नव्हती इथून," ताई कुजबुजली. "जन्मभर माझी पाठ होती यांच्याकडे. पेटी भिंतीला तोंड करून. मागे किती माणसं आहेत ते आवाजावरून ओळखायचं. शेवटी शेवटी तर माझाच आवाज मला ऐकू यायचा."

"आता बसायला जागा मिळत नाही," किल्लीबाई म्हणाली.

"दिसतंय ना मला." ताईने रांगारांगांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "एवढी वर्षं. समोरच तर होते मी. तू मला ओढून का नाही आणलंस ग?"

"ओढलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले. शिव्या घातल्या असत्या. पण ओढायचं होतंस." तिने बहिणीचा हात धरला. "तुझा माणूस गेला त्या दिवशी मी पायरीवर उभी होते ना, तेव्हा मनात एकच. आता बारकी बाहेर येईल, माझं मनगट धरेल आणि फरफटत आत नेईल. आज तरी नेईल. मला आपणहून चढवेना. लोक म्हणतील, हिनेच वाजवून घालवलं आणि आता आली तोंड वर करून. तू नेलं असतंस तर मला सांगता आलं असतं, माझ्या बहिणीने नेलं."

  किल्लीबाई म्हणाली, "मी दाराकडेच बघत होते ग. लोक काय बोलत होते त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही. आता येईल, आता येईल, म्हणून खुर्ची धरून बसले होते. कुणाला बसू दिलं नाही तिथे. मी उठून बाहेर आले असते आणि तेवढ्यात तू आली असतीस तर?"

  दहा पावलांवर एक आत बसलेली, एक बाहेर उभी, आणि दोघी एकमेकींची वाट बघतायत. शहाण्या म्हणायच्या की काय म्हणायच्या!

बाहेर भाच्याने हॉर्न दिला. कुजबुज आता जरा मोठी झाली असावी, कारण दुसऱ्या रांगेत पाववाल्याने मिटल्या डोळ्यांनी मान वर केली.

"कोण ग? ताईंचा आवाज आला का?"

"ताई?" मागून कुणीतरी. "आत?"

"कुठंय? कुठंय?" सगळ्या रांगा हलायला लागल्या, काही जण उठूनही उभे राहिले. मिटलेले डोळे या बाजूला, त्या बाजूला. नर्स ओरडली, "डोळे उघडू नका! कुणी डोळे उघडू नका!"

किल्लीबाई ताडकन उठली. बहिणीच्या अब्रूचा प्रश्न होता. हातानेच ताईला खूण केली, तू जा हळूच, आणि मोठ्याने म्हणाली, "काहीतरीच काय! ताई बाहेर आहे. नेहमीसारखी पायरीवर उभी आहे. निघाली आता. बसा खाली सगळे."

लोक बसले. पाववाला पुटपुटला, "मला वाटलंच, भास असणार."

बाहेर दुसरा हॉर्न झाला. ताईने खुर्चीच्या पाठीला धरलं. गुडघे सावरत उठेल आणि जाईल असं किल्लीबाईला वाटलं. ताई उठली नाही. तिने पदर नीट केला, घसा साफ केला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाली,

"भास नाही. आत आहे मी. बारकीच्या शेजारी बसलेय."